न्हाईचा पहिला चहा

बापूच्या लेकीचा, सुमनचा फोन आला तेव्हा मी डाळींच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या बदलत होते. पावसाळ्यात त्या दमट होऊन सुटतात, म्हणून आषाढात नव्या लावायच्या, हा माझा नेम. "मोठी आई, अप्पा…" एवढंच ती म्हणाली, आणि बेळगावच्या दवाखान्यातला तो लांब व्हरांडा मला इथं रामनगरात बसल्या जागी दिसला. बापू गेला होता. मी फोन ठेवला आणि हातातली चिठ्ठी पुरी केली. आज इतक्या आठवड्यांनी त्या डब्याकडे बघते, तर 'तूर' हे अक्षर चांगलंच तिरकं गेलंय. माझं अक्षर तिरकं जात नाही. बापूनं बघितलं असतं तर टाळी वाजवून म्हणाला असता, "बघा वहिनी, तुमच्या हातनं एक तरी काम वाकडं करून घेतलं की न्हाई मी!"

ईशा, निनाद, तुम्हाला दोघांना येता आलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. टोरांटो आणि म्युनिक ही काही हाकेच्या अंतरावरची गावं नव्हेत. पण दोघांनीही फोनवर मला एकच प्रश्न विचारलात, तो मनातून जात नाही. ईशा मोठ्या कंपनीत प्रोजेक्ट सांभाळते, निनादनं स्वतःची लहानशी कंपनी काढली आहे, आणि दोघांचीही तक्रार एकच की कामं वेळेवर होत नाहीत, माणसं हो हो म्हणतात आणि शेवटच्या आठवड्यात हात वर करतात. "बापूआजोबांची कामं कशी गं व्हायची?" असं तुम्ही विचारलंत. फोनवर सांगण्यासारखं ते नाही. म्हणून लिहिते आहे. पेपरच्या पुरवणीत छापून आलं तर चार लोकांना बापू कळेल, आणि माझं बारीक अक्षर तुम्हाला मोठं करून वाचावं लागणार नाही.

बापू म्हणजे तुमच्या आजोबांचा धाकटा भाऊ. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो शाळेत जात होता, म्हणून त्याला अहोजाहो मी कधी केलं नाही. तो मात्र मला शेवटपर्यंत 'तुमी'च म्हणाला. बेळगावला जाऊन बी. कॉम. झाला, बँकेत लागेल असं सगळ्यांना वाटत होतं, आणि हा जोयड्याच्या रानात घरं बांधायला निघाला. शाळेच्या खोल्या, देवळांचे सभामंडप, पुढं गणेशगुडीकडे पर्यटक यायला लागले तशी नदीकाठची लॉजेस. आवाज मोठा, राग नाकावर, वाढदिवस कुणाचाही लक्षात नाही, स्वतःच्या लग्नाचा तर नाहीच. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते, त्यामुळे गोव्याच्या नि बेंगळुरूच्या गिऱ्हाइकांना जाणारी त्याची इंग्रजी पत्रं माझ्याकडे यायची. मी ती सरळ करून द्यायची. लोकांना तो सांगायचा, "आमचं हेड ऑफिस वहिनींच्या स्वयंपाकघरात हाय. तिथं कॉमा चुकला तर चहा मिळत न्हाई."

त्याच्या सुरुवातीच्या कामांतलं एक काम साफ फसलं, आणि तुम्हाला हवं असलेलं उत्तर तिथूनच सुरू होतं. बाजारकुणंगच्या पलीकडं एका वाडीत देवीपुढं सभामंडप बांधायचा होता. आपल्याकडं मोठं काम काढलं की आधी गाऱ्हाणं घालतात. गावकरी देवीसमोर उभे राहतात, एक जाणता माणूस देवीला सगळं सांगतो, की आई, हा घाट घातलाय, यात काही चुकलं-माकलं तर सांभाळून घे, लाकडाला कीड नको, माणसाला इजा नको, आणि प्रत्येक वाक्यामागं सगळे एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" अंगावर काटा येतो तो आवाज ऐकून. बापूच्याही अंगावर आला. त्या भरात देवळातच उभं राहून त्यानं विचारलं, "आनि मंडळी, पावसाआधी कौलं चढत्यात न्हवं?" झालं, सगळे त्याच सुरात, "व्हय म्हाराजा!"

बापू निर्धास्त झाला. भिंती उभ्या राहिल्या, वासे तासून झाले, आणि शिमगा आला. त्या वाडीत शिमगा म्हणजे गडी ढोल घेऊन घराघरांत फिरायचे, आणि देव परत जागेवर बसेपर्यंत कुणी हत्याराला हात लावत नाही. सुतार गेला, त्याचे गडी गेले. शिमगा संपतो तोवर खानापूरच्या भट्टीवरची कौलं दुसऱ्याच कुणीतरी उचलली. वळीव आला तेव्हा मंडप बोडका होता, आणि मातीत बांधलेली एक भिंत सरळ खाली बसली. बापू डोक्याला हात लावून सुताराला म्हणाला, "शिमग्यात काम बंद असतंय हे आधी सांगायला काय झालं होतं?" सुतार चकित. "शिमग्यात काम बंद असतंय हे पन सांगायचं असतंय व्हय?" "मग मी विचारलं तवा व्हय कशाला म्हनलास?" त्यावर सुतार जे म्हणाला, ते बापू पुढं आयुष्यभर सांगत राहिला. "देवीम्होरं न्हाई कसं म्हनायचं, बापूशेट?"

तुम्हाला हसू येईल. पण तुमच्या त्या काचेच्या खोल्यांमधल्या बैठकांत तरी दुसरं काय होतं? कुणीतरी मोठा माणूस विचारतो आणि सगळे एका सुरात व्हय म्हणतात. बापूचं म्हणणं असं, की त्या वाडीतल्या माणसांनी खोटं सांगितलंच नव्हतं. त्यांना प्रश्न चुकीच्या जागी विचारला गेला होता. ती भिंत त्यानं स्वतःच्या पदरच्या पैशानं उभी केली आणि पुढच्या कामापासून नवी रीत घातली. गाऱ्हाणं घालायचं, नारळ फोडायचा, व्हय म्हाराजा म्हणायचं, ते देवीचं. मग बाहेर यायचं, पायात चपला घालायच्या, आणि बापूच्या घरच्या पडवीत किंवा साइटवरच्या फणसाखाली बसायचं. ही दुसरी बैठक. इथं व्हय म्हणायचंच नाही. हे काम कुठं फसणार, एवढंच बोलायचं, आणि जो पहिला न्हाई म्हणेल त्याला पहिला चहा. तोही स्टीलच्या पेल्यात नाही. त्याच्या बायकोच्या, निर्मलाच्या माहेरून आलेल्या संचातला शेवटचा कप उरला होता, निळ्या काठाचा, बशीसकट. त्यात बापू स्वतः किटलीतून ओतून द्यायचा. मालकानं ओतलेला चहा, मालकाला नाही म्हटल्याबद्दल!

पहिल्या बैठकीला कुणी तोंडच उघडेना. मी पडवीच्या कोपऱ्यात पत्रं घेऊन बसले होते, म्हणून मला सगळं आठवतं. निर्मलानं किटली आणून ठेवली, वाफ निघून गेली, माणसं एकमेकांकडं बघतायत, आणि बापू मांडी घालून बसलाय. "न्हाई आल्याबिगर चहा न्हाई," म्हणाला. शेवटी हळियाळकडचा बसप्पा मिस्त्री, तेव्हा नवाच होता, मान खाली घालून पुटपुटला, "आगल्ला." होणार नाही. बापूनं मांडीवर थाप मारली. "चालतंय! कन्नडातला न्हाई पन न्हाईच. घ्या मिस्त्री." त्या दिवशीचा तो गार चहा बसप्पा अजून सांगतो. रीत मुरली तशी माणसं सोकावलीही. एकानं सांगितलं, "चहा पातळ झालाय, ह्यानं काम व्हनार न्हाई," आणि कप मागितला. सगळे हसले. बापूही हसला, पण कप काही दिला नाही. "न्हाईला शेपूट पायजे," म्हणाला. का होणार नाही, आणि त्याऐवजी काय करता येईल, हे मागं जोडलं तर तो न्हाई खरा. बिनशेपटीच्या न्हाईला नुसतं पाणी.

त्याच्या कामाच्या आणखीही तऱ्हा होत्या. कुणी घर बांधायला सांगितलं की पायाबद्दल तो शेवटी बोलायचा. आधी विचारायचा, "वास्तुशांतीला गाय कुठल्या दारानं आत येनार?" माणूस गोंधळायचा. मग बापू त्या दिवसापासून मागं मागं चालत यायचा. गाय आत येणार म्हणजे उंबरा बसलेला हवा, उंबरा म्हणजे फरशी, फरशी म्हणजे छप्पर, छप्पर म्हणजे लाकूड वाळलेलं, आणि लाकूड वाळायचं म्हणजे तोडायचा परवाना आजच मागितला पाहिजे. "म्हनून तर म्हनतो, आज उशीर झालाय," असं म्हणून तो उठायचाच. बैठकीत कुणी "ते आपण करून घेऊ" म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. "'आपण' नावाचा गवंडी मी अजून बगितला न्हाई. नाव सांगा." मग एकाच माणसाचं नाव पडायचं, आणि तो माणूस तिथं हजर असेल तरच. निनाद, तू मागं एकदा म्हणालास, आमची टीम बघेल. बापूला ऐकवलं नाही ते बरं झालं.

सुमन, त्याची एकुलती एक मुलगी, धारवाडला इंजिनियर झाली आणि परत येऊन त्याच्या धंद्यात शिरली. बापानं लाडानं नाही, चांगलं खडसावून शिकवलं. त्यानंतर त्याच्या छातीचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी चढ-उतार बंद केले, ओरडणंही बंद केलं. पहिलं त्यानं थोडंफार पाळलं. नेमकं त्याच वेळी गणेशगुडीच्या बाजूला, काळी नदीच्या वरच्या अंगाला उतारावर एक लॉज बांधायचं काम आलं. जांभा दगड, कौलं, प्रत्येक कॉटेजला नदीकडं तोंड करून सोपा, म्हणजे ओसरी. मालक गोव्याचे, हौशी. त्यांना मे महिन्याच्या सुट्टीत सगळंच्या सगळं उघडायचं होतं. बापूनं फोनवरच होकार देऊन टाकला. त्या दिवशी माझ्याकडं आला तो एखाद्या परीक्षेत पहिला आल्यासारखा. "वहिनी, असं काम उभं आयुष्य मागत होतो बघा. हे एक झालं की मग बसतो घरी." आजारी माणसाच्या डोळ्यांत एवढा उजेड बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता.

मग पडवीतली बैठक झाली. बापूनं वाळूचं सांगितलं, लाकडाचं सांगितलं, रोज सकाळी मी साइटवर असणार म्हणाला, आणि किटली पुढं ओढून विचारलं, "बोला, कुठं फसतंय?" बसप्पानं वर कौलांकडं बघितलं. इतरांनी जमिनीकडं. सगळ्यांना दिसत होतं ते सुमन बोलली.

"न्हाई, अप्पा. मेपर्यंत सगळं होनार न्हाई."

"शेपूट?"

"ह्या कामात एक मानूस असा हाय, जो बसला की सगळं काम बसतंय. त्याच्यावर सगळा भार टाकून तुमी मांडनी केलीया. तो मानूस तुमी हाय. आनि तुमी रोज साइटवर येनार न्हाई."

पडवीत निर्मला दाराशी उभी होती, ती आत गेली. बापूचं तोंड लाल झालं. मला वाटलं आता ओरडतो, आणि ओरडणं त्याला बंद होतं. त्यानं किटलीची कडी घट्ट धरली… मग त्यानं निळ्या काठाचा कप घेतला आणि ओतायला लागला. चहा बशीत सांडला. त्यानं तो कप लेकीपुढं सरकवला. "त्याऐवजी काय, ते सांग." तिनं ठरवूनच आणलं होतं. रस्त्याच्या बाजूच्या कॉटेजेस आणि जेवणघर मेपर्यंत पूर्ण करायचं, अगदी पाहुण्याच्या उशीसकट. खालच्या उतारावर आत्ता कुदळसुद्धा मारायची नाही, तिथलं सगळं पुढच्या पावसानंतर. साइटवर ती. अप्पांनी सकाळी एकदा फोन करायचा. बापूनं ऐकून घेतलं आणि सगळ्यांसमोर गोव्याला फोन लावला. माझ्या लक्षात राहिलंय ते त्याचं वाक्य. "साहेब, माजा होकार मागं घेतो. सगळ्या खोल्या अर्ध्या ठेवन्यापेक्षा अर्ध्या खोल्यांत पुरता दिवा लावून देतो." मालक चिडले, कुरकुरले, आणि कबूल झाले. जाता जाता बापू मला म्हणाला, "पोरीनं माजाच चहा मला पाजला की वहिनी." तक्रार होती, पण छाती फुगलेली होती. ईशा, वरच्या माणसाला दिलेला शब्द मागं कसा घ्यायचा असं तू विचारत होतीस. असा घ्यायचा, लवकर आणि स्वतःच्या तोंडानं.

मे महिन्यात त्या कॉटेजेस उघडल्या. बापूला गाडीनं नेलं. सोप्यावरच्या खुर्चीत बसून तो खालच्या मोकळ्या उताराकडं आणि नदीकडं बघत होता. नदीत पोरं राफ्टमधून आरडाओरडा करत चालली होती. "बघा, ओरडायचं काम दुसऱ्यांनी घेतलंय," म्हणाला.

दवाखान्यात जाण्याआधी तो शेवटचा माझ्याकडं आला तेव्हा वेताच्या खुर्चीत बसला, डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या, मला चिडवलं. मग म्हणाला, "वहिनी, काम सुमन करती. त्याचा घोर न्हाई. पन माज्या माघारी तिला न्हाई कोन म्हनंल? मालकाला लोक घाबरत्यात. मेलेल्या मालकाच्या पोरीला तर जीव लावत्यात. ते वाईट. तिला जपून जपून बुडवतील." मी म्हटलं, असलं बोलू नको. त्यानं माझ्याकडं बघितलं, पण उत्तराचा आग्रह धरला नाही.

तो गेल्यानंतर दिवसकार्य झालं, पाहुणे गेले, आणि गेल्या आठवड्यात सुमननं पडवीत बैठक बोलावली. पाऊस पडतच होता. मी माझ्या कोपऱ्यात बसले. बापूची खुर्ची रिकामी होती. सुमन उभी राहूनच बोलली. खालच्या उतारावरचं काम आता थांबवायचं नाही म्हणाली. पाऊस संपायची वाट न बघता उद्यापासूनच पाया खणायचा, आणि मार्गशीर्षात अप्पांचा वाढदिवस असतो, त्या दिवशी उरलेल्या सगळ्या कॉटेजेस उघडायच्या. "अप्पांचं सपान होतं ते," म्हणाली. किटली पुढ्यात होती. तिनं विचारलं, "कुठं फसतंय?" बसप्पानं डोळे पुसले. "आगली, अक्का," म्हणाला. होऊ दे. मग दुसरा म्हणाला, तिसरा म्हणाला, आणि शेवटी सगळे एका सुरात. मला त्या आवाजानं वाडीतलं देऊळ आठवलं. बापूचा आम्ही देव करून टाकला होता, आणि देवासमोर न्हाई कसं म्हणायचं?

त्या बैठकीत आजवर मी एक शब्द बोलले नव्हते. ज्याच्या नावावर काम, त्यानं बोलायचं, अशी रीत होती, आणि माझ्या नावावर फक्त स्वल्पविराम होते. पण वेताच्या खुर्चीतलं ते बघणं आठवलं. माझ्या नावावरही एक काम पडलं होतं, आणि ते पडलं तेव्हा मी तिथं हजर होते.

"न्हाई," मी म्हटलं. आयुष्यभर शाळेत 'नाही' म्हणत आले, त्या दिवशी 'न्हाई'च आलं.

सुमन वळली. "मोठी आई?"

"न्हाई, सुमन. हे होणार नाही."

क्षणभर ती मला ओरडेल असं वाटलं. डोळे भरलेले, नाक लाल, अगदी बापासारखं. मग तिनं दम घेतला. "शेपूट?"

"पावसात उतारावर पाया खणत नाहीत. हे मी सांगायला नको, मी इंग्रजीची मास्तरीण. इथं बसलेल्या प्रत्येकाला ते माझ्यापेक्षा चांगलं कळतं, आणि एकही बोलला नाही. का, तर तुझं मन राखायचं म्हणून. खाली माती सुटली आणि कुणी त्यात सापडलं, तर वाढदिवस कुणाचा करणार आहेस? पाऊस जाऊ दे. माती वाळली की बसप्पानं सांगायचं, खणा. तो सांगेल त्या दिवसापासून पुढं मोज. अप्पांची तारीख राहू दे, त्याला स्वतःचाही वाढदिवस कधी आठवला नाही."

मग बसप्पा, ज्यानं आत्ताच डोळे पुसले होते, तो म्हणाला, "आगल्ला, अक्का. माती धरत न्हाई आत्ता. मला म्हनायचं होतं… तोंडातनं निघालं न्हाई." त्याच्या मागून सुतार बोलला, लाकूड ओलं आहे. तिसरा बोलला, ट्रक त्या वळणावर रुतेल. ज्याला त्याला आपापलं शेपूट सापडलं. सुमन मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. त्या दिवशी नदीकाठच्या कामासाठी नाही, बापासाठी रडली. कुणी तिला गप्प केलं नाही. नंतर तिनं तोंड पुसलं, किटली उचलली, निळ्या काठाचा कप घेतला, आणि ओतून माझ्यापुढं धरला. थोडा बशीत सांडला.

मी बिनसाखरेचा घेते, हे साऱ्या घराला ठाऊक आहे. पण निर्मलानं चहा बापूच्या मापानं केला होता, चमचा उभा राहील असा गोड. मी एक घोट घेतला. सगळी पडवी माझ्याकडं बघत होती.

"साखर फार झाली," मी म्हटलं.

"हा दुसरा न्हाई," बसप्पा म्हणाला, "ह्याला शेपूट न्हाई," आणि बापू गेल्यापासून पहिल्यांदा त्या पडवीत माणसं हसली. मी बशीतलासुद्धा चहा संपवला. सुमननं कप स्वतः धुतला, पुसला, आणि बापूच्या खुर्चीशेजारच्या फळीवर बशीत पालथा घातला, तो ठेवायचा तसाच, कान भिंतीकडं करून.